उजेड लक्षात ठेवणारी पेटी

3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, म्हणजे गटागटांत नाटुकली बसायला लागणार. मंडपवाला हल्ली एलईडीचे पार लाइट देतो आणि सोबत बटणांची, सरकपट्ट्यांची एक काळी पेटी. ती चालवणारा पोरगा मात्र नऊ वाजता दुसऱ्या सुपारीला निघून जातो. आमचंही तसंच झालं, आणि शेवटच्या प्रवेशात आमची सावित्री अंधारातच बोलली. मग ही पेटी आम्हीच शिकून घेतली.

या पेटीतून लाइटला वीज जात नाही. जातो तो फक्त आकडा. डीएमएक्स नावाची ही पद्धत 1986 मध्ये अमेरिकेत नाटकवाल्यांनीच ठरवली. एका वायरीवरून 512 चॅनेल जातात आणि प्रत्येकावर 0 ते 255 मधला एक आकडा असतो. 0 म्हणजे बंद, 255 म्हणजे पूर्ण. एका लाइटला असे चॅनेल बरेच लागतात: लाल, हिरवा, निळा, एकूण उजेड.

प्रत्येक लाइटच्या मागे त्याचा पत्ता लावावा लागतो. भाड्याने मिळणाऱ्या साध्या पेटीवर एकेका लाइटला 16 चॅनेल राखलेले असतात, म्हणून पहिल्याचा पत्ता 1, दुसऱ्याचा 17, तिसऱ्याचा 33. दोघांचा पत्ता एकच राहिला तर एकाला लाल केलं की दुसराही लाल. गोंधळ दिसला की आधी हे बघा.

आता उजेड साठवायचा कसा? प्रोग्रॅमचं बटण तीन सेकंद दाबून ठेवा, दिवा लुकलुकू लागेल. ब्लॅकआउटचा दिवा लागलेला असेल तर तेही बटण एकदा दाबा. पेटी सुरू होते तीच बहुधा ब्लॅकआउटमध्ये. हे माहीत नव्हतं म्हणून आम्ही अर्धा तास वायरी तपासत बसलो होतो! मग पहिल्या लाइटचं बटण दाबून सरकपट्ट्यांनी हवा तो उजेड लावा आणि तेच बटण पुन्हा दाबून त्याला सोडा. सोडलं नाही तर दुसऱ्याबरोबर पहिलाही बदलतो. सगळे लाइट मनासारखे झाले की रेकॉर्डचं बटण आणि लगेच सीनचं बटण. दिवे तीनदा लुकलुकले म्हणजे नोंद झाली. एका बँकेत आठ सीन बसतात, बँका 30.

नोंदवलेला सीन लाइट गेली तरी राहतो. नुसता पट्ट्यांवर लावलेला जातो. आमचे दोन तास असेच लोडशेडिंगमध्ये गेले, तेव्हा एक सीन जमला की लगेच नोंदवा.

पातळी दुपारी ठरवू नका. उन्हात बरा वाटलेला उजेड रात्री पात्राच्या डोळ्यात जातो. अंधार पडल्यावर एकीला लुगडं नेसवून जागेवर उभं करा आणि चेहरा बघत पट्टी सरकवा. आकडे वहीत लिहा: प्रवेश, लाइट, चॅनेल, पातळी. पुढच्या वर्षी पेटी दुसरी आली तरी वही कामाला येते. लाइट वेगळे आले तर चॅनेलचा क्रम तेवढा तपासा.

खेळ सुरू झाल्यावर पट्ट्यांना हात लावायचा नाही. प्रोग्रॅमचं बटण पुन्हा तीन सेकंद दाबून बाहेर या, प्रवेश बदलला की पुढचा सीन दाबा. तेच बटण दोनदा दाबू नका, बऱ्याच पेट्यांवर उजेड विझतो. आमच्याकडे हे काम जिला सगळ्यांची वाक्यं पाठ आहेत तिच्याकडे दिलंय.