तीस एमबीचा यवतमाळ

यवतमाळ जिल्ह्याचं क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर. तालुके सोळा, २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७ लाख ७२ हजार. पुसदच्या डोंगरांपासून वणीच्या कोळसापट्ट्यापर्यंत या जिल्ह्याच्या जमिनीचा चढउतार संगणकात साठवायला जागा लागते ती फक्त तीस एमबी. लग्नाच्या वरातीचा मिनिटभराचा व्हिडिओ याहून जड भरतो.

हा आकडा आला कुठून ते सांगतो, कारण घरबसल्या गेम बनवणाऱ्या हौशी पोरांचा पहिला हट्ट बहुतेक वेळा हाच असतो: आपलाच मुलूख गेममध्ये उभा करायचा. आणि तो हट्ट आता फुकटात पुरा होतो.

फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' हे अवकाशयान पोटात एक रडार आणि ६० मीटर लांब दांड्याच्या टोकाला दुसरा अँटेना घेऊन अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं. जगातल्या सुमारे ८० टक्के जमिनीची उंची त्याने मोजली. सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास वेग. म्हणजे पूर्व-पश्चिम जवळपास १९३ किलोमीटर पसरलेला यवतमाळ जिल्हा ओलांडायला त्याला अर्धा मिनिटही लागला नसेल.

याच कामाचा जुना हिशेब वर्धा नदीच्या पलीकडे हिंगणघाटला आहे. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ जमिनीवर साखळ्या टाकून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. सोबत जवळपास अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र. तो दक्षिणेतून डोंगर डोंगर करत वर आणायला एकवीस वर्षं लागली आणि १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला लॅम्बटन वारला. पुढचं काम एव्हरेस्टने केलं, शिखराला नाव त्याचं लागलं. लॅम्बटनच्या वाट्याला हिंगणघाटची कबर आली. गेमसाठी भूगोल उतरवून घेणाऱ्याने हे नाव तरी लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

तर त्या अवकाशयानाची मोजणी एक अंश गुणिले एक अंश अशा चौकोनी फायलींत मिळते. एका फायलीत ३,६०१ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३,६०१ आकडे. गुणाकार एक कोटी २९ लाख ६७ हजार २०१. प्रत्येक आकडा दोन बाइटचा, म्हणून फाइल सुमारे २६ एमबीची. जिल्हा एका फायलीत मावत नाही, सहा फायलींवर सांडतो. मात्र जिल्ह्याच्या हद्दीतले आकडे तेवढे वेगळे काढले तर भरतात दीड कोटी. दुप्पट केले की झाले तीस एमबी.

३,६०० का नाहीत, ३,६०१ च का? शेजारशेजारच्या दोन वावरांचा धुरा एकच असतो, तसं इथेही आहे. या फायलीची शेवटची ओळ आणि पुढच्या फायलीची पहिली ओळ एकच. ती दोघांकडे सारखी नसेल तर जोडाच्या जागी जमीन फाटते आणि फटीतून खालचं आभाळ दिसतं. युनिटीसारख्या गेम इंजिनात जमिनीच्या चौकोनाचे आकडे ५१३, १,०२५, २,०४९, ४,०९७ असे विचित्र दिसतात त्याचंही कारण हेच.

आता तीस एमबीतलं लपलेलं वाचा. दोन आकड्यांमधलं अंतर साधारण तीस मीटर, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांमागे एक उंची. ती उंचीही पूर्ण मीटरमध्येच, त्यामुळे वर्धेकाठची सपाट जमीन पडद्यावर पायऱ्यापायऱ्यांची दिसते. आधी ती घासून मऊ करावी लागते. रडारला घनदाट जंगलात जमीन नीट दिसत नाही, तिथे झाडांचे शेंडेही उंचीत मिसळतात. आणि नकाशा २००० सालचा. वणीकडच्या उघड्या कोळसा खाणी त्यानंतर किती खोल गेल्या, बाजूचे मातीचे ढिगारे किती वाढले, याची त्या फायलीला गंधवार्ता नाही.

मग बारकावा वाढवा की! वाढवू. दर मीटरला एक उंची घेतली तर आकडे होतात १,३५८ कोटी आणि जागा २७ जीबी. दर दहा सेंटिमीटरला घेतली तर २.७ टेराबाइट. अंतर दहापट कमी केलं की पसारा शंभरपट होतो, आणि भल्याभल्या हौशींचा प्रकल्प इथेच आडवा होतो. इतकं करूनही हातात फक्त उघडी जमीन आहे, तिच्यावर पीक नाही.

पीक म्हणजे अर्थातच कापूस. चार बाय दीड फुटांवर लागवड धरली तर एका पऱ्हाटीला सहा चौरस फूट आणि एकरी ७,२६० पऱ्हाट्या. जिल्ह्यात कापसाचा पेरा काही लाख हेक्टरांचा, पण आपण एकच लाख हेक्टर घेऊ. पऱ्हाट्या झाल्या १७९ कोटी. नुसती प्रत्येकीची जागा लिहून ठेवायची तर साडेएकवीस जीबी. बोंडं, पानं, फांद्या अजून बाकीच आहेत.

यावर उपाय असा की त्या लिहूनच ठेवायच्या नाहीत. संगणकाला एक बीज-संख्या द्यायची आणि तिच्यावरून गणित करून प्रत्येक पऱ्हाटी जागच्या जागी उगवायची. संख्या तीच तर शेत तेच, कितीदाही उघडा. १९८४ मध्ये डेव्हिड ब्रॅबेन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी याच युक्तीने 'एलिट' या गेममध्ये आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ तारे बसवले, तेही ३२ केबी स्मृतीच्या संगणकात. 'माइनक्राफ्ट'ची दुनिया याच जातीची: एका बाजूला सहा कोटी ठोकळे, ठोकळा एक मीटरचा. क्षेत्रफळ ३६० कोटी चौरस किलोमीटर, पृथ्वीच्या सातपट. त्यात यवतमाळ जिल्हा दोन लाख ६५ हजार वेळा मावतो.

पण उगवणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. शेतात उभ्या खेळाडूच्या चहूबाजूंनी शंभर मीटरपर्यंतच्याच पऱ्हाट्या दाखवायच्या ठरवल्या तरी त्या ५६ हजार होतात. प्रत्येकीला पाचशे त्रिकोण दिले तर दोन कोटी ८० लाख त्रिकोण, आणि सेकंदाला साठ चित्रं हवीत म्हणून ते काढायला वेळ जेमतेम सतरा मिलिसेकंद. साधा फोन इथे हात टेकतो. म्हणून जवळच्या चारदोनशे झाडांनाच खरं अंग द्यायचं, लांबच्यांचे दोन त्रिकोणांवर चिकटवलेले फोटो उभे करायचे. चांगल्या गेममध्ये ही लबाडी कळत नाही, तेच त्या कारागिराचं कसब.

दुसरी एक गंमत अंतराची. बरीच इंजिनं जागेचा आकडा ३२ बिटांत ठेवतात. शून्य बिंदू जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला ठेवला आणि खेळाडू पूर्व टोकाला वणीकडे पोचला, की संगणकाची सर्वांत लहान पायरी होते १५.६ मिलिमीटर. चालणारा माणूस एका चित्रात सरकतो साधारण २३ मिलिमीटर. तो आकडा कधी सोळाला, कधी एकतीसला टेकवला जातो आणि गडी हिवताप भरल्यासारखा थरथरतो! पश्चिमेकडे ठणठणीत, पूर्वेकडे आजारी. मग दर काही किलोमीटरला खेळाडूला शून्यावर आणून त्याच्याभोवतीचा अख्खा जिल्हाच मागे सरकवावा लागतो. अनरियल या इंजिनाने २०२२ मध्ये पाचव्या आवृत्तीत ६४ बिटांचे आकडे घेऊन हे दुखणं बरंच कमी केलं.

डेन्मार्क सरकारच्या नकाशा खात्याने २०१४ मध्ये आपला अख्खा देश माइनक्राफ्टमध्ये एकास एक प्रमाणात उभा केला. चार लाख कोटी ठोकळे, एक टेराबाइट. लोकांनी त्यात शिरून काही भाग सुरुंगाने उडवले आणि अमेरिकेचे झेंडे रोवले. यवतमाळ डेन्मार्कच्या एकतृतीयांश भरतो, म्हणजे आपलं काम स्वस्तात झालं असतं. पण एवढ्या जगात करायचं काय? जिल्हा आडवा चालून जायला ताशी पाच किलोमीटरने ३९ तास. 'स्कायरिम' या गाजलेल्या गेमचं जग सुमारे ३७ चौरस किलोमीटरचं आहे आणि लोक त्यात शेकडो तास रमतात. आपलं टिपेश्वर अभयारण्य १४८.६३ चौरस किलोमीटरचं. चार स्कायरिम एकट्या टिपेश्वरात.

त्याच टिपेश्वरातून २०१९ मध्ये एक तरुण वाघ गळ्यात पट्टा घेऊन निघाला. नऊ महिन्यांत सुमारे तीन हजार किलोमीटर चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. पट्ट्याने त्याच्या जागा नोंदवल्या साधारण पाच हजार. वेळेसकट साठवल्या तर साठ केबी. जिल्ह्याच्या जमिनीच्या पाचशेव्या भागात एका वाघाची नऊ महिन्यांची हकिगत बसते, आणि गेम म्हणून खेळायला माझ्या मते तीच जास्त चांगली आहे.

विक्रीचं गणित तर आणखी डोळे पांढरे करणारं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात एक गेम लावायला शंभर डॉलर, गूगल प्लेवर खातं उघडायला एकदाच पंचवीस डॉलर. दार इतकं उघडं म्हणून गर्दीही तशीच: एकट्या २०२४ मध्ये स्टीमवर अठरा हजारांहून अधिक नवे गेम आले, दर अर्ध्या तासाला एक. दुसरीकडे, एरिक बॅरोन या एकट्या माणसाने साडेचार वर्षं खपून केलेल्या 'स्टारड्यू व्हॅली' या शेतीच्या गेमच्या २०२४ अखेर चार कोटी दहा लाख प्रती खपल्या. यवतमाळ जिल्ह्याच्या लोकसंख्येच्या पंधरापट. हे उदाहरण देऊन पोरांना कुणी नोकरी सोडायला लावू नये. बाकीच्या हजारोंची नावंही आपल्याला माहीत नाहीत.

जाहिरातींवर चालणाऱ्या फुकट गेमचा हिशेब करून पाहा. समजा हजार जाहिरातींमागे चाळीस रुपये मिळाले. महिन्याला पंधरा हजार हवेत तर पावणेचार लाख जाहिराती दिसायला हव्यात. एका खेळाडूला दिवसाला पाच दाखवल्या, तर रोज अडीच हजार माणसं न चुकता यायला हवीत. आज आलेली उद्या येतीलच असं नाही, म्हणून डाउनलोड त्याच्या कितीतरी पट लागतात.

आणि आपल्याच राज्यातला आकडा घ्या. नवी मुंबईच्या गेमशन कंपनीने २०१६ मध्ये काढलेला 'लुडो किंग' २०२० अखेर पन्नास कोटी डाउनलोडच्या पुढे गेला. त्यात ना डोंगर, ना नदी, ना वाघ. लुडोचा पट पंधरा गुणिले पंधरा, म्हणजे २२५ घरांचा. दीड कोटी उंचींचा जिल्हा एकीकडे आणि २२५ घरं एकीकडे.

म्हणून हौशी मंडळींना माझा सल्ला: पूर्ण जिल्ह्याच्या मागे लागू नका. एक टेकडी, एक नाला, दहा एकर वावर घ्या आणि तेवढ्यात पाच मिनिटं कुणाला गुंतवता येतं का ते बघा. गेम बनवायचं गोडो आणि त्रिमितीय आकार घडवायचं ब्लेंडर ही सॉफ्टवेअरं फुकट आहेत. उंचीच्या फायली अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याकडून नोंदणी करून विनामूल्य मिळतात. सहाही उतरवू नका, 'एन२०ई०७८' एवढी एक घ्या. यवतमाळ शहर तिच्यात आहे.