नजराण्याचा हिशोब

शेअर बाजारातील ‘ऑप्शन’ हा शब्द जळगाव, जामनेर आणि पहूरच्या तरुणांच्या बोलण्यात मोबाइलबरोबर आला असला, तरी त्यामागचा व्यवहार कापूस पिकवणाऱ्या मुलखाला परका नाही. खानदेशाचा कापूस ज्या मुंबईच्या बाजारात विकला जाई, तेथे ठरलेल्या भावाने माल घेण्याच्या हक्काला ‘तेजी’, विकण्याच्या हक्काला ‘मंदी’ आणि त्या हक्कासाठी मोजलेल्या रकमेला ‘नजराणा’ म्हणत. मुंबई प्रांताने 1939 मध्ये कायदा करून कापसातील असे सौदे बंद केले, पुढे 1956 च्या कायद्याने शेअरमधील सौद्यांवरही बंदी आली आणि ती 1995 मध्ये उठल्यानंतर राष्ट्रीय शेअर बाजारात जून 2001 मध्ये निफ्टी निर्देशांकावरील, तर जुलै 2001 मध्ये निवडक कंपन्यांच्या शेअरवरील ऑप्शन सुरू झाले. त्या 1956 च्या कायद्यातील ऑप्शनच्या व्याख्येत ‘कॉल’ आणि ‘पुट’ यांच्याबरोबर ‘तेजी’, ‘मंदी’ हे शब्दही नोंदलेले आहेत. आज ज्याला कॉल म्हणतात ती जुनी तेजी, पुट म्हणजे मंदी आणि प्रीमियम म्हणजे नजराणा.

हक्क आणि बंधन यांतील फरक हा या व्यवहाराचा गाभा असून तो समजण्यासाठी कापसाच्या हमीभावाचे उदाहरण सर्वांत जवळचे आहे. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला 8,110 रुपये हमीभाव जाहीर झाला. बाजारात याहून अधिक भाव मिळाला तर शेतकरी व्यापाऱ्याला माल देतो आणि भाव पडला तर, आर्द्रतेच्या व प्रतीच्या अटींत माल बसत असल्यास, भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्राकडे वळतो. विकण्याचा हक्क आहे, पण सक्ती नाही, हेच पुट ऑप्शनचे स्वरूप होय. फरक असा की हमीभावाचा भार सरकार उचलते, तर बाजारातील पुटसाठी घेणाऱ्याला नजराणा मोजावा लागतो. जमिनीच्या व्यवहारातील विसाराशीही नजराण्याची तुलना केली जाते, परंतु विसाराची रक्कम पुढे किमतीत वळती होते, नजराणा मात्र विकणाऱ्याकडेच राहतो.

समजा, एका कंपनीचा शेअर 1,000 रुपयांवर आहे, करारातील किमान संख्या, म्हणजे लॉट, 500 शेअरचा आहे आणि महिनाअखेरच्या मुदतीला 1,020 रुपयांना शेअर घेण्याचा हक्क देणारा कॉल शेअरमागे 20 रुपयांना मिळतो. घेणाऱ्याचे 10,000 रुपये जातात आणि मुदतीच्या दिवशी भाव 1,040 च्या वर गेला तरच त्याला नफा सुरू होतो. शेअर 1,015 पर्यंत चढला, म्हणजे अंदाजाची दिशा बरोबर ठरली, तरी मुदत संपताना हक्काचे मूल्य शून्य होते व सगळा नजराणा बुडतो. कापलेल्या केळीच्या घडाप्रमाणे ऑप्शनची किंमत दिवसागणिक उतरत असते, म्हणून भाव कोठे जाईल याइतकेच तो कधी जाईल हेही घेणाऱ्याला ओळखावे लागते. शिवाय कंपनीचे तिमाही निकाल जवळ आले की अनिश्चिततेमुळे नजराणा फुगतो आणि निकाल लागताच उतरतो. त्यामुळे शेअर वाढूनही कॉल स्वस्त झाल्याचा अनुभव नवख्यांना येतो.

याच कॉलची विक्री करणाऱ्याचे गणित उलट असते. त्याला 10,000 रुपये लगेच मिळतात आणि भाव जागेवर राहिला तरी ते त्याचेच होतात, म्हणून हा मार्ग नियमित उत्पन्नाचा असल्याचे सांगितले जाते. मात्र शेअर एका बातमीने 1,150 वर उघडला, तर मिळालेला नजराणा वजा जाताही त्याचा तोटा 55,000 रुपये होतो आणि त्यापुढे तोट्याला वरची मर्यादाच नसते; याच कारणाने विक्रेत्याकडून नजराण्याच्या अनेक पट अनामत, म्हणजे मार्जिन, घेतली जाते.

या दोन टोकांच्या मध्ये संयमाचे काही डावपेच आहेत. 1,020 चा कॉल 20 रुपयांना घेऊन त्याच वेळी 1,060 चा कॉल 8 रुपयांना विकला, तर खर्च 12 रुपयांवर येतो. जास्तीत जास्त तोटा 6,000 रुपये आणि जास्तीत जास्त नफा 14,000 रुपये, अशा दोन्ही सीमा आधीच आखल्या जातात. याला ‘स्प्रेड’ म्हणतात. ज्याच्याजवळ मुळातच 500 शेअर आहेत त्याने कॉल विकला तर तो ‘कव्हर्ड कॉल’ होतो. भाव चढल्यास हातचे शेअर देता येतात, पण मोठ्या तेजीचा लाभ सोडावा लागतो आणि भाव कोसळल्यास नजराण्याचा आधार अपुरा पडतो. हातच्या शेअरवर पुट घेणे हा मात्र खरा विमा असून डावपेचांपैकी हमीभावाच्या सर्वांत जवळचा तोच आहे.

हे डावपेच ज्याच्यामार्फत करायचे तो दलाल निवडताना सामान्यतः दलालीचा दर प्रथम पाहिला जातो. झीरोधासारख्या सवलतीच्या दलालांनी प्रत्येक ऑर्डरला 20 रुपयांच्या आसपास ठोक दर रूढ केला, तर बँकांशी संलग्न पूर्ण सेवा देणाऱ्या दलालांकडे सल्ला, संशोधन आणि गावातील वा तालुक्यातील अधिकृत प्रतिनिधी मिळू शकतो, त्याचा मोबदला दरात धरलेला असतो. वरील कॉल 20 ला घेऊन 24 ला विकला, तर ठोक दराच्या दलालाकडे 40 रुपये दलाली, तीवर 18 टक्के जीएसटी, विक्रीच्या नजराण्यावरील व्यवहार कर आणि शेअर बाजाराचे किरकोळ शुल्क मिळून खर्च सत्तर रुपयांच्या आसपास होतो. त्याच ऑप्शनमध्ये उलाढाल कमी असेल आणि घेणाऱ्याच्या व विकणाऱ्याच्या भावात 50 पैशांचे अंतर असेल, तर 500 च्या लॉटवर त्या अंतराचे 250 रुपये होतात. म्हणजे दलालीतील दहा-वीस रुपयांच्या बचतीपेक्षा भरपूर उलाढालीचा करार निवडणे आणि बाजारभावाऐवजी आपला भाव नमूद करून ऑर्डर देणे, हे कितीतरी अधिक हिताचे ठरते.

याहून महत्त्वाचा प्रश्न मुदतीच्या आठवड्याचा आहे. शेअरवरील ऑप्शनचा निपटारा आता रोखीत होत नाही, प्रत्यक्ष शेअर द्यावे-घ्यावे लागतात. त्यामुळे 1,020 चा कॉल हाती राहिला आणि भाव त्याच्या वर बंद झाला, तर 5,10,000 रुपये उभे करावे लागतात. अखेरच्या दिवसांत वाढणारे मार्जिन ग्राहकाकडे नसेल तर कोणता दलाल कधी सूचना देतो, कोणत्या वेळी स्वतःहून सौदा बंद करतो आणि त्यासाठी किती आकारतो, हे नियम सर्वत्र सारखे नसतात. धावपळीच्या दिवशी ॲप बंद पडल्यास फोनवर ऑर्डर घेणारा माणूस आहे काय, तो मराठीत समजावू शकतो काय, हेही खाते उघडण्यापूर्वीच विचारून ठेवावे. दलाल व त्याचा प्रतिनिधी यांची नोंदणी तपासणे आणि रोख किंवा खाजगी खात्यावर पैसे न देणे, ही तर किमान दक्षता होय.

या दक्षतेची गरज आकड्यांतून दिसते. भारतीय प्रतिभूती व विनिमय मंडळाने, म्हणजे सेबीने, सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तीन आर्थिक वर्षांत वायदे व ऑप्शन करणाऱ्या सुमारे 93 टक्के व्यक्तींना तोटा झाला आणि त्यांचा एकत्रित तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक होता. सौदे करणाऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक लोक देशातील पहिल्या 30 शहरांबाहेरचे होते आणि पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांपेक्षा कमी असल्याचे सांगितले होते. मोठ्या संस्थांची यंत्रणा, भांडवल आणि वेग यांच्यासमोर बसलेला हा वर्ग पहूरसारख्या गावांतलाही आहे आणि त्याच्या हातातील पैसा पुष्कळदा पुढच्या हंगामाच्या बियाण्याचा किंवा मुलांच्या फीचा असतो.

दलाल आणि डावपेच यांची पारख त्यामुळे एकाच कसोटीवर व्हायला हवी, ती म्हणजे सर्वांत वाईट दिवसाची. त्या दिवशी जास्तीत जास्त किती रुपये जातील याचे उत्तर ज्या डावपेचात सौद्याआधीच कागदावर लिहिता येते आणि त्या दिवशी कसे वागणार हे ज्या दलालाने आधीच स्पष्ट केलेले असते, तेवढेच विचारात घेण्याजोगे. आणि लिहिलेली रक्कम घरखर्चाला, पिकाला किंवा कर्जाच्या हप्त्याला धक्का लावणारी असेल, तर तो सौदा न करणे हाच शहाणपणाचा निर्णय होय.