घोडा कोणासाठी धावतो?

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट. हिरण्यकेशी नदीपलीकडील एका वस्तीवर आजाऱ्याला पवित्र कम्युनियन देऊन मी संकेश्वरकडे परतत होतो. वाटेतील गावाची जत्रा होती आणि डांबरी रस्त्यावर घोडागाड्यांची शर्यत चालली होती. गाड्यांच्या मागे आणि दोन्ही बाजूंनी मोटारसायकलींचा घोळका कर्णे वाजवीत, आरोळ्या ठोकीत धावत होता. इतक्यात एक तांबूस घोडा मध्येच थबकला. तोंडाला फेस, अंगाला घाम, डोळे विस्फारलेले. गाडीवान तरुण खाली उतरून त्याला चाबकाने झोडपू लागला. घोडा मागे सरे, पण पुढे पाऊल टाकीना.

तेवढ्यात गर्दीतून एक वृद्ध गृहस्थ पुढे आले. तरुणपणी त्यांनी निपाणीच्या रस्त्यावर टांगा हाकला होता. त्यांनी त्या तरुणाचा हात धरला आणि म्हणाले, “पोरा, त्याला भ्या वाटतंय. मारून भ्या जातंय व्हय?” मग त्यांनी लगाम हाती घेतला, मोटारसायकली बंद करावयास लावल्या आणि घोड्याची आयाळ जेथे संपते तेथे आपल्या बोटांनी हळूहळू खाजवू लागले. पाच मिनिटांत त्या जनावराची मान खाली आली, श्वास संथ झाला. शर्यत मात्र केव्हाच संपली होती.

मिस्सेत सेवा करणारा आमच्या धर्मग्रामातील एक मुलगा त्या गर्दीत होता. रविवारी त्याने मला विचारले, “फादर, घोड्याला जिंकायचं असतं का?” प्रश्न लहान मुलाचा असला तरी उत्तर सोपे नाही. वाचकहो, आज त्या उत्तराचाच शोध आपण घेऊ या.

भित्रा, म्हणूनच वेगवान

परमेश्वराने घोड्याला ना शिंगे दिली, ना नखे, ना सुळे. माळरानावर गवत खाऊन जगणारा हा प्राणी लांडगा व वाघ यांचे भक्ष्य होता. त्याचे रक्षण दोनच गोष्टी करीत असत, वेळीच लागणारी चाहूल आणि चार पाय. त्याच्या शरीराची सारी घडण या दोन गोष्टींसाठी आहे. डोळे कपाळाच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सभोवार दिसते. नेमके पाठीमागे आणि कपाळाच्या अगदी समोर एवढेच त्याचे आंधळे कोपरे. म्हणून जाणता मनुष्य घोड्याजवळ मागून जात नाही. त्याचे कान वेगवेगळ्या दिशांना वळतात आणि माणसाला ऐकू न येणारे सूक्ष्म ध्वनीही टिपतात. विसावा घेताना त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला तीस ते चाळीस असतात, चौखूर उधळताना ते दोनशेच्या वर जातात. शर्यतीचा उत्तम घोडा ताशी साठ किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो.

म्हणजे ज्या वेगाचे आपण कौतुक करतो, त्याचे मूळ भीतीत आहे. त्या जत्रेतील मोटारसायकली आपल्याला उत्साहाचे लक्षण वाटल्या असतील. घोड्याच्या कानाला मात्र तो पाठीस लागलेल्या लांडग्यांचा कळप होता.

कळपाचा नियम

एकटा घोडा रात्रभर निर्धास्त झोपू शकत नाही. घोडा उभ्या उभ्या डुलकी घेतो हे आपण पाहतोच, पण गाढ झोपेसाठी त्यालाही आडवे व्हावे लागते. कळपात काही घोडी आडवी होतात तेव्हा एखादी उभी राहून पहारा करते. रानटी घोड्यांच्या टोळीत सामान्यतः एक वळू, काही घोड्या व त्यांची शिंगरे असतात, आणि ही कुटुंबे वर्षानुवर्षे एकत्र राहतात. पाणवठ्याकडे प्रथम पाऊल टाकणारी पुष्कळदा एखादी अनुभवी घोडी असते. वळू मागून सर्वांना सांभाळीत येतो. कोणी कोणाला वाट द्यावयाची हे लाथाबुक्क्यांनी क्वचितच ठरते. कान मागे पडले, मान थोडी पुढे आली, एवढ्यावरच धाकटा बाजूस होतो.

त्यांच्यात मैत्रीही असते. दोन घोडी समोरासमोर उभी राहून एकमेकांच्या मानेच्या बुडाशी दातांनी खाजवितात, हे दृश्य ज्यांनी घोडी पाळली त्यांना ठाऊक आहे. फ्रान्समध्ये १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, नेमक्या त्या जागी खाजविले असता घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. आमच्या वृद्ध टांगेवाल्यांनी तो अभ्यास वाचला नव्हता. त्यांच्या बोटांना मात्र ती जागा ठाऊक होती.

आपल्या भागातून मेंढरे घेऊन जाणाऱ्या धनगरांचे तांडे आठवा. सारा संसार पाठीवर घेऊन तट्टू चाललेले असते आणि बाजूला न बांधलेले शिंगरू आईला चिकटून दुडकत असते. दोरी लागत नाही. सोबत हीच त्याची दोरी. पुणे जिल्ह्यातील बैलगाडा शर्यतींतही बैलांपुढे एक घोडी धावते आणि बैल तिच्यामागे झेपावतात. पुढे धावणाऱ्याच्या मागे धावणे हा कळपाचा नियम माणसाने असा उपयोगात आणला आहे.

मैदानावर काय घडते?

आपल्याकडील मोठ्या शर्यती पुणे व मुंबई येथे होतात. पुण्याचे मैदान १८३० सालापासूनचे. तेथे पावसाळ्यात आणि मुंबईस महालक्ष्मी येथे हिवाळ्यात हंगाम असतो. हिंदुस्थानातील डर्बी १९४३ साली प्रथम धावली गेली आणि ती ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ या तरुण घोडीने जिंकली. २४०० मीटरच्या त्या शर्यतीसाठी घोडे वर्षानुवर्षे सिद्ध केले जातात. बेळगावच्या लष्करी वस्तीजवळही रेसकोर्स हे नाव अजून उरले आहे.

अशा मैदानावर दहाबारा घोडे सुटतात, तेव्हा प्रत्येक घोड्याच्या दृष्टीने तो एक पळणारा कळपच असतो. कळपात सर्वांत सुरक्षित जागा मध्यभागी. मागे राहणारा भक्ष्य होतो आणि एकटाच पुढे जाणाराही अज्ञाताला सामोरा जातो. म्हणून काही घोडे इतरांच्या आडोशाने शांतपणे धावतात, पण सर्वांच्या पुढे एकटे निघाले की रेंगाळू लागतात. जाणता जॉकी असा घोडा शेवटच्या क्षणापर्यंत मागे राखून ठेवतो. दुसऱ्या काही घोड्यांना भोवतालची गर्दी सोसत नाही. त्यांना आरंभीच पुढे काढावे लागते किंवा डोळ्यांच्या बाजूस झापडे लावून समोरचेच दिसेल असे करावे लागते. दुसऱ्याच्या मागे धावण्यात शरीराचाही लाभ आहे. समोरचा घोडा वारा अडवतो आणि मागच्याची शक्ती वाचते. इंग्लंडमधील संशोधकांनी २०१२ साली मोजमापांच्या आधारे हे दाखवून दिले.

इटलीतील सिएना नगरात दरवर्षी २ जुलै व १६ ऑगस्ट रोजी पवित्र मरियेच्या सन्मानार्थ ‘पालिओ’ नावाची शर्यत होते. शर्यतीपूर्वी प्रत्येक मोहल्ला आपला घोडा आपल्या चर्चमध्ये नेतो आणि धर्मगुरू त्याला आशीर्वाद देतात. खोगिराविना घोड्यावर बसलेले स्वार नगरचौकाच्या वळणांवर पुष्कळदा खाली पडतात. परंतु तेथील नियम असा की, स्वार नसलेला घोडा प्रथम आला तरी तोच विजयी. असे घोडे जिंकलेही आहेत. पाठीवर कोणी नाही, चाबूक नाही, बक्षिसाची जाणीव नाही. तरी घोडा धावतो, कारण त्याचे सोबती धावत आहेत. आमच्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते. विजयाचा खांब माणसाने रोवलेला आहे आणि घोड्याला तो ठाऊक आहे असे मानण्यास आधार नाही.

माणसाचे मन वाचणारा

उत्तराचा दुसरा अर्धा भाग अधिक विचार करावयास लावणारा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिन शहरात एका निवृत्त शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा टाप आपटून गणिताची उत्तरे देत असे. सारे नगर थक्क झाले. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने गुपित उलगडले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले किंवा तो घोड्याला दिसत नसला, तर हान्स चुकत असे. टापांची योग्य संख्या झाली की प्रश्नकर्त्याचे मस्तक नकळत किंचित हले, आणि तेवढ्यावर घोडा थांबे. हान्सला गणित येत नव्हते, त्याला माणूस वाचता येत होता.

स्वीडनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग असाच आहे. काही माणसांना घोड्यासह ठरावीक वाटेने चालावयास सांगितले आणि चौथ्या फेरीस घोड्याजवळ एकदम छत्री उघडली जाईल अशी सूचना दिली. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. पण त्या फेरीस माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्याबरोबर घोड्याचेही वाढले. घोड्याने छत्री पाहिली नव्हती, सूचना ऐकली नव्हती. सोबत्याच्या अंगातील भीती तेवढी त्याला कळली होती.

याचा अर्थ असा की, घोड्याला आपण आपल्या कळपात घेतो तेव्हा तोही आपल्याला त्याच्या कळपात घेतो. लगाम धरणारा घाबरलेला असेल तर घोडा म्हणतो, येथे भय आहे. तो शांत असेल तर घोडा मान खाली घालतो.

एकटेपणा हा घोड्याचा मोठा रोग आहे. मौल्यवान घोड्याला उत्तम चंदी देऊन, रोज खरारा करून, परंतु चार भिंतींच्या आत एकट्याला कोंडून ठेवले, तर तो लाकूड चावू लागतो किंवा दारात उभा राहून तासन्‌तास डुलत राहतो. म्हणून जाणते लोक त्याच्याजवळ बकरी किंवा तट्टू ठेवतात. अमेरिकेतील प्रख्यात घोडा सीबिस्किट आरंभी फार चिडका होता. ‘पम्पकिन’ नावाचे एक शांत तट्टू त्याच्याबरोबर राहावयास आले आणि तो निवळला. १ नोव्हेंबर १९३८ रोजी त्याने बलाढ्य वॉर ॲडमिरलला हरविले, त्यामागे त्या अनाम वाटणाऱ्या तट्टाचाही वाटा होता.

चाबकाचा हिशेब

मग चाबकाने काय साधते? ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ साली शर्यतींची मोजमापे तपासली. घोड्यांना सर्वाधिक मार बसतो तो शेवटच्या टप्प्यात, म्हणजे ते थकून मंदावत असतानाच, आणि त्या माराने अंती अधिक वेग साधल्याचे दिसले नाही. २०२० सालच्या दुसऱ्या अभ्यासात इंग्लंडमधील चाबूक वापरलेल्या आणि न वापरलेल्या शर्यतींची तुलना केली गेली. वेगात वा सुरक्षिततेत फरक आढळला नाही. मग तो मार कोणाच्या समाधानासाठी?

प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा आपल्या देशाचा कायदा १९६० सालचा आहे. जनावराला मारणे, त्याच्या शक्तीबाहेर पळविणे हा त्यात अपराध आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी बैलांच्या शर्यतींचे कायदे ग्राह्य धरले, तेही जनावराला यातना होऊ नयेत अशा अटींवर. परंतु कायदा प्रत्येक जत्रेत उभा राहू शकत नाही. तेथे आपली सदसद्विवेकबुद्धीच उभी राहिली पाहिजे. नीतिसूत्रांचा ग्रंथ नीतिमान माणसाची एक खूण सांगतो, ती ही की तो आपल्या जनावराच्या जिवाची काळजी वाहतो. आणि शर्यतीवर पैसे लावणाऱ्या बंधूंनी एवढे ध्यानात ठेवावे की, ज्या प्राण्याला आपण जिंकत आहोत की हरत आहोत हे ठाऊक नाही, त्याच्या पायांवर ते आपल्या मुलांच्या ताटातील भाकर लावीत असतात.

घोड्याचे आपल्यावरील ऋण मोठे आहे. मराठ्यांच्या पागा भीमाथडीच्या काटक तट्टांनी भरलेल्या होत्या. आजही उसाच्या फडात कोणाला सर्पदंश झाला, तर त्याला टोचली जाणारी लस घोड्याच्या रक्तातूनच सिद्ध होते. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे पूर्वी या कामासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. त्यातूनच पुण्याच्या एका अश्वपालक कुटुंबाला प्रेरणा मिळून १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली.

घरातील शिंगरे

संत पौलाने करिंथच्या लोकांना धावण्याच्या शर्यतीचा दाखला दिला, कारण ते नगर खेळांसाठी प्रसिद्ध होते. नाशवंत मुकुटासाठी माणसे इतके कष्ट करतात, तर अविनाशी मुकुटासाठी आपण किती झटले पाहिजे, हे त्याचे सांगणे. हा मुकुट एकाला मिळाला म्हणून दुसऱ्याचा हुकत नाही.

आईबापहो, त्या तांबूस घोड्याची आठवण झाली की मला आपली मुले आठवतात. दहावीच्या वर्षी मुलगा थबकतो, अभ्यासात पाऊल पुढे पडत नाही. आपण त्याच्या पाठीमागे कर्णे वाजवितो, शेजारच्या मुलाचे गुण ऐकवितो, प्रसंगी हातही उगारतो. तो आळशी आहे असे आपण समजतो. कदाचित तो भ्यालेला असेल. कदाचित घरात सारे असून तो एकटा असेल. आपल्या मनातील धास्ती तो शब्दांवाचून वाचीत असेल, जशी त्या घोड्याने न उघडलेली छत्री वाचली.

त्या मुलाला मी रविवारी एवढेच सांगितले, “बाळ, घोड्याला जिंकायचे नसते. त्याला आपल्या माणसांबरोबर राहायचे असते. म्हणून तो धावतो.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मग त्या दिवशी तो थांबला, तेव्हा त्याच्याबरोबर कोणी नव्हतं.”

मी होकारार्थी मान हलविली. टांगेवाले आजोबा येईपर्यंत खरोखरच कोणी नव्हते. आज रात्री रोझरी संपल्यावर, वाचकहो, आपल्या घरात असा कोणी थबकलेला आहे काय, हे एकदा पाहावे, आणि असल्यास त्याच्याजवळ जाऊन बसावे.