रुप्याच्या ताइतावरील हिब्रू अक्षरे

यहुदी धर्मचिन्हे कोरलेली रुप्याची लहान पदके पाहताना षट्कोनी तारा हेच त्यांतील सर्वांत प्राचीन चिन्ह असावे, असा समज सहज होतो. तो यथार्थ नव्हे. षट्कोन आपल्याकडील यंत्रांतही आढळतो. यहुदी समाजाची सर्वमान्य खूण म्हणून त्याची प्रतिष्ठा अर्वाचीन असून, १८९७ च्या बाझल येथील झायोनवादी परिषदेनंतर ती विशेष दृढ झाली. ताइताची यहुदी परंपरा मुळात अक्षराची आहे.

१९७९ साली जेरुसलेममधील केतेफ हिन्नोम येथे गाब्रिएल बारकाय यांच्या उत्खननात एका थडग्यातून रुप्याच्या पत्र्याच्या दोन इवल्या गुंडाळ्या मिळाल्या. त्या उलगडण्यास काही वर्षे लागली. आत प्राचीन हिब्रू लिपीत, 'गणना' या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायातील याजकांच्या आशीर्वादाशी जुळणारा मजकूर कोरलेला होता. त्यांचा काळ सामान्यतः इ. स. पूर्व सातव्या शतकाचा शेवट ते सहाव्याचा आरंभ असा मानतात; म्हणजे मृत समुद्राजवळील हस्तलिखितांहूनही त्या काही शतकांनी जुन्या ठरतात. गुंडाळलेला मजकूर धारण करणाऱ्यास दिसत नसे. तो वाचण्यासाठी नव्हताच. अंगावर असणे पुरेसे होते.

आजच्या पदकांवर मात्र अक्षर दर्शनी असते, आणि तेही प्राचीन वळणाचे नसून आरामाईक लिपीतून आलेल्या चौकोनी वळणाचे. 'शद्दाय' हे ईश्वरनाम त्यांवर पुष्कळदा आढळते. शीन, दालेत, योद या त्याच्या तीन अक्षरांतून 'इस्राएलच्या द्वारांचा रक्षक' असा अर्थ काढतात. ही व्युत्पत्ती नव्हे, आद्याक्षरांची भाविक जुळणी आहे. पण दारावर लावावयाच्या मेझुझावर हे नाव का शोभते, ते तीमुळे कळते. मराठीभाषी बेने इस्राएल घरांच्या चौकटीवरही मेझुझा असते.

दुसरा लोकप्रिय शब्द 'हाय'. मराठी कानाला तो दुःखोद्गार वाटेल. हिब्रूत त्याचा अर्थ 'जिवंत'. त्यातील हेथचे मूल्य ८, योदचे १०. म्हणून १८ ही संख्या शुभ, आणि दानाची रक्कम १८ च्या पटीत देण्याची रीत. येथे कोरणाऱ्याचा हात जपून चालावा लागतो. हेथचा डावा पाय वरच्या रेघेला चिकटलेला असतो, तर 'हे' या अक्षरात तेथे बारीक फट असते. ती फट चुकून राहिली, तर 'जिवंत' हा शब्दच नाहीसा होतो आणि बेरीज १८ ऐवजी १५ भरते.