बल, वेग आणि वार्धक्य

आळंदीहून निघालेली श्रीज्ञानेश्वरमाउलींची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून सासवडकडे वळली, कीं दिवे घाटांत तिच्या रथास नित्याच्या जोडीखेरीज आणखी बैलजोड्या जुंपतात. यांतील मर्म शरीरशास्त्राचें आहे, आणि तें घरांतील वृद्धांच्या हिताचें असल्यानें आम्ही तें येथें थोडक्यांत मांडतों.

स्नायु जितक्या वेगानें आखडतो, तितकें त्याचें बल घटतें. इंग्रज शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनीं १९३८ सालीं बेडकाच्या स्नायूंवरील प्रयोगांवरून हा नियम सूत्रबद्ध केला. स्नायूंतील सूक्ष्म तंतु एकमेकांस जणूं आंकडे लावून ओढतात. वेग वाढला, कीं एका क्षणीं अडकलेल्या आंकड्यांची संख्या कमी होते. म्हणूनच रिकामी घागर झटक्यानें उचलतां येते, भरलेली सावकाशच उचलावी लागते. घाटांत जोड्या वाढविल्या, कीं प्रत्येक बैलावरील ओढ हलकी होते व चाल टिकते.

सांध्यासही हाच न्याय लागू. स्नायूचें बल व सांध्यापासून त्याचें लंबांतर यांच्या गुणाकारास आघूर्ण म्हणतात. गुडघा जसजसा जलद सरळ करावा, तसतसा तेथील आघूर्ण उतरतो. बल व वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ति. ती परमावधीस पोंचते ती सर्वाधिक वेगाच्या सुमारें एक तृतीयांशावर.

इंद्रायणीच्या घाटाच्या पायऱ्या उतरतांना मात्र उलट घडतें. मांडीचे स्नायु ताणले जात असतां भार पेलतात, तेव्हां ते अधिक बल धरूं शकतात आणि श्रमही कमी होतात. परंतु संवय नसेल तर दुसरे दिवशीं मांड्या भरून येतात, तें या ताणामुळेंच.

आतां मुख्य गोष्ट. वयोमानाप्रमाणें बल घटतें हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु शक्ति त्याहून आधीं व अधिक झपाट्यानें ओसरते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. पाण्याची बादली सावकाश उचलणारे आजोबाही ठेंच लागतांच कधीं कधीं तोल सावरूं शकत नाहींत, कारण तेथें बल निमिषार्धांत लागतें. अशा वेळीं मुलें-सुना प्रेमापोटीं वृद्धांच्या हातचें प्रत्येक काम काढून घेतात, आणि उरलीसुरली चपळाईही जाते. त्यापेक्षां भक्कम खुर्चीवरून चपळाईनें उठावें, सावकाश बसावें, असा क्रम जवळ कोणी असतां रोज आठ-दहा वेळां करवावा. हृदयाचा वा गुडघ्याचा विकार असल्यास आधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वडीलधाऱ्यांस आधार जरूर द्यावा. त्यांचें उठणें-बसणें मात्र त्यांचेंच असूं द्यावें.