पंधराशे नारळ

४ डिसेंबर २०२३, सोमवार. स्पॉटिफायचे सहसंस्थापक डॅनियल एक यांचं पत्र त्या दिवशी कर्मचाऱ्यांपर्यंत पोचलं. कंपनी दर शंभरातल्या सतरा जणांना नारळ देणार होती, म्हणजे साधारण पंधराशे माणसांना. नोकरकपातीच्या बातम्यांना त्या वर्षी काही कमतरता नव्हती. गूगल, मेटा, ॲमेझॉन या सगळ्यांनीच हजारोंच्या संख्येने माणसं कमी केली होती. पण स्पॉटिफायची ही वर्षातली तिसरी खेप होती. जानेवारीत सहा टक्के लोक गेले होते आणि जूनमध्ये पॉडकास्ट विभागातले दोनशे. बुचकळ्यात टाकणारी गोष्ट वेगळीच होती. सलग कित्येक तिमाही तोटा दाखवल्यावर आदल्याच तिमाहीत या कंपनीने कामकाजातून ३.२ कोटी युरोंचा नफा कमावला होता.

तोट्यात माणसं काढली तर समजू शकतं. पैसे दिसायला लागल्यावर का काढली? याचं उत्तर पत्रात शोधण्यापेक्षा खतावणीत शोधलेलं बरं.

समजा एक खानावळ आहे आणि तिचा वाण्याशी विचित्र करार आहे. किराण्याचं बिल किलोवर नाही, गल्ल्यावर. दिवसाला जेवढा गल्ला जमेल त्याचा दोन-तृतीयांश हिस्सा वाण्याचा. ताटं दुप्पट गेली तर वाण्याचे पैसेही दुप्पट. ताटाचा दर वाढवला तरी वाढीतला मोठा वाटा त्याच्याच घरी. संगीत स्ट्रीमिंगचा धंदा असा चालतो. श्रोत्यांची वर्गणी आणि जाहिरातींचे पैसे एका हौदात जमतात. त्यातले सत्तर टक्क्यांच्या आसपास गाण्यांच्या हक्कदारांकडे जातात, आणि ज्याची गाणी जितकी वाजली त्या प्रमाणात त्यांच्यात वाटले जातात. हक्कदार म्हणजे प्रामुख्याने युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन बलाढ्य कंपन्या, त्यांच्या खालोखाल असंख्य लहानमोठी लेबलं, आणि संगीतकार-गीतकारांचे हक्क सांभाळणारे प्रकाशक. २०२४ मध्ये एकट्या स्पॉटिफायने या मंडळींना १,००० कोटी डॉलर दिले.

मोठं झाल्यावर खर्च पसरतो आणि नफा आपोआप वाढतो, हे इंटरनेट-व्यवसायाचं लाडकं गणित इथे लागू पडत नाही. सॉफ्टवेअर एकदा लिहिलं की दहा कोटी लोकांना विकता येतं. गाणं मात्र दहा कोटी वेळा वाजलं तर दहा कोटी वेळा त्याचा हिशोब द्यावा लागतो. हक्कदारांचे पैसे देऊन उरलेल्या पंचवीस-तीस टक्क्यांत संगणकांचं भाडं, जाहिरात, कर आणि पगार बसवायचे. यातला कंपनीच्या पूर्ण हातात असलेला मोठा खर्च एकच, पगार. लेबलांशी घासाघीस करायला वर्षं लागतात. माणसं काढायला एक सोमवार पुरतो.

एक यांनी आपल्या पत्रात कारण दिलं ते असं: २०२० आणि २०२१ मध्ये भांडवल स्वस्त होतं म्हणून आम्ही भराभर माणसं घेतली, आणि आता त्यातले बरेच जण प्रत्यक्ष कामापेक्षा कामाच्या अवतीभवतीचीच कामं करत बसलेत. यात तथ्य आहे. महासाथीत सारं जग कानाला हेडफोन लावून बसलं होतं. व्याजदर शून्याला टेकले होते. गुंतवणूकदार म्हणत होते, वाढा, नफ्याचं नंतर बघू. व्याजदर चढल्यावर तेच गुंतवणूकदार नफा कुठाय म्हणून विचारू लागले. पण ही माणसं घेतली कशासाठी, याबद्दल पत्र फारसं बोलत नाही, आणि खरी गोष्ट तिथे आहे.

वाण्याच्या हिश्श्यातून सुटायचं तर वाण्याकडचा माल लागणार नाही असा एखादा पदार्थ शोधायला हवा. स्पॉटिफायला तो पॉडकास्टमध्ये दिसला. गप्पांचा कार्यक्रम एकदाच पैसे मोजून बनवायचा. मग तो लाखाने ऐकला काय किंवा कोटीने, दर ऐकण्यामागे कुणाला काही द्यायला नको. २०१९ मध्ये न्यूयॉर्कची गिमलेट कंपनी घेतली, मग पारकास्ट, मग द रिंगर, मेगाफोन. जो रोगनशी करार झाला, हॅरी-मेगनशी झाला. एकूण खर्च १०० कोटी डॉलरच्या पुढे गेला. त्या मानाने जाहिराती आल्या नाहीत. २०२३ च्या जूनमध्ये हॅरी-मेगनचा करार संपला, त्याच महिन्यात गिमलेट आणि पारकास्ट एकत्र करून त्यांतली माणसं कमी करण्यात आली. गिमलेटच्या ‘स्टोलन’ या पॉडकास्टला कॅनडातल्या आदिवासी मुलांच्या निवासी शाळांवरच्या मालिकेसाठी त्याच वर्षी पुलित्झर पुरस्कार मिळाला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो बंद करायचं ठरलं. पुलित्झर मिळवणारी माणसं अवतीभवतीचं काम करत होती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पदार्थ चुकला होता, आणि त्याचे पैसे आचाऱ्यांकडून वसूल झाले.

डिसेंबरच्या यादीत ग्लेन मॅकडॉनल्ड हेही होते. ‘एव्हरी नॉइज ॲट वन्स’ नावाचं त्यांचं संकेतस्थळ संगीतवेड्यांना चांगलं ठाऊक होतं. जगभरच्या संगीताचे सहा हजारांहून अधिक प्रकार एका अवाढव्य नकाशावर मांडलेले, प्रत्येक नावावर टिचकी मारली की नमुना ऐकू येई. कुठल्या गावात काय वाजतं, कुठला प्रकार कुणाच्या शेजारी राहतो, हे त्यात दिसायचं. नकाशामागची माहिती स्पॉटिफायच्या आतली होती. माणूस बाहेर पडला तसा तिचा नळ बंद झाला आणि नकाशा जिथल्या तिथे गोठला. ताळेबंदात या नुकसानीसाठी रकाना नाही.

दुसरं एक नुकसान मात्र ताळेबंदात दिसलं. २०२४ च्या पहिल्या तिमाहीत दरमहा वापरकर्त्यांचा अंदाज ६१.८ कोटींचा होता, प्रत्यक्षात ६१.५ कोटी भरले. त्या एप्रिलमध्ये गुंतवणूकदारांशी बोलताना एक यांनी मान्य केलं की कपातीने रोजच्या कामाचा विस्कोट त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा जास्त झाला. निर्णय मात्र त्यांच्या मते बरोबरच होता. मोठ्या कंपनीचा प्रमुख असं जाहीरपणे बोलतो हे विरळा, म्हणून नोंदवून ठेवलं पाहिजे.

आणि नफा? तो झाला. २०२३ मध्ये ५३.२ कोटी युरोंचा निव्वळ तोटा होता. २०२४ मध्ये ११३.८ कोटी युरोंचा निव्वळ नफा झाला, नव्वद रुपयांचा युरो धरला तर दहा हजार कोटी रुपयांच्या आसपास. कंपनी स्थापन झाली २००६ मध्ये. वर्षभराचा नफा पहिल्यांदा दिसायला अठरा वर्षं लागली. बाजाराने याचं श्रेय बऱ्याच अंशी कपातीला दिलं. मला हा हिशोब अर्धा वाटतो. अमेरिकेत २०११ पासून ९.९९ डॉलरवर अडकलेली वर्गणी जुलै २०२३ मध्ये १०.९९ आणि वर्षभराने ११.९९ झाली. ग्राहक जातील अशी भीती होती, पण बहुतेक राहिले. शिवाय वर्गणीत श्राव्य पुस्तकं घालून तिला ‘गाणी आणि पुस्तकं’ असं एकत्रित पॅकेज म्हणायचं ठरलं. अमेरिकी नियमांनुसार अशा पॅकेजवर गीतकार-संगीतकारांना कमी दराने पैसे देता येतात. तिथल्या हक्कवसुली संस्थेने मे २०२४ मध्ये दावा लावला, तो जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने फेटाळला. २०२४ पासून बारा महिन्यांत हजारपेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टीही मिळेनाशी झाली. सगळं जोडून पाहिलं तर गल्ल्यातून स्वतःकडे उरणारा वाटा २०२३ मधल्या २५.६ टक्क्यांवरून पुढच्या वर्षी ३०.१ टक्क्यांवर गेला. या वाढीत नोकरकपातीचा भाग थोडा, दरवाढ आणि हक्कदारांशी नव्याने मांडलेल्या हिशोबांचा भाग मोठा. बहुतेक पगार मोजले जातात ते या वाट्याच्या खालच्या ओळीत.

बाकीच्यांची गत थोडक्यात सांगतो. साउंडक्लाउडने २०१७ मध्ये चाळीस टक्के माणसं काढली, २०२२ मध्ये वीस टक्के आणि २०२३ मध्ये आणखी आठ. रॅपर जे-झीने गाजावाजा करून आणलेली टायडल पुढे ट्विटरवाल्या जॅक डॉर्सीच्या ब्लॉक कंपनीकडे गेली आणि थोडी थोडी रोडावत राहिली. छोट्या कलावंतांची लाडकी बँडकॅम्प दीड वर्षात दोनदा विकली गेली आणि दुसऱ्या मालकाकडे जाताना निम्मे कर्मचारी मागे राहिले. यूट्यूब म्युझिकसाठी ऑस्टिनमध्ये काम करणारी माणसं कागदोपत्री कॉग्निझंटची होती, तीच आपल्या हिंजवडीतली कॉग्निझंट. त्यांनी संघटना केली होती. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांच्यातला एक जण नगर परिषदेसमोर आपलं गाऱ्हाणं मांडत असताना, बोलता बोलता, सहकाऱ्याने त्याला सांगितलं की आपल्या सगळ्यांची नोकरी गेली. आणि वाणी मजेत असेल असं समजू नका. त्याच महिन्यात वॉर्नरने सहाशे जणांची कपात जाहीर केली आणि युनिव्हर्सलने २५ कोटी युरोंच्या खर्चबचतीची योजना.

ॲपल, ॲमेझॉन, गूगल यांना फरक पडतो तो वेगळ्या तऱ्हेने. त्यांच्यासाठी गाणी म्हणजे फोन, खरेदी किंवा जाहिरातींच्या धंद्याचं तोंडीलावणं आहे. तिथे तोटा दुसऱ्या खिशातून भरता येतो. फक्त गाण्यांवर जगणाऱ्याला दुसरा खिसाच नाही.

भारतात हा तोंडीलावण्याचा प्रकार टोकाला गेला. इथे गाणं रिचार्जबरोबर फुकट येतं अशी सवय लागली. फिक्की आणि ईवायच्या अहवालानुसार २०२३ मध्ये देशात साडेअठरा कोटी लोक ॲपवर गाणी ऐकत होते, पैसे देणारे ऐंशी लाखांच्या घरात. बाकीच्यांचा भार जाहिरातींनी उचलायचा, आणि भारतातल्या जाहिरातींचा दर तो किती! स्पॉटिफायने ऑक्टोबर २०२३ मध्ये फुकट्यांचे हात बांधले. हवं ते गाणं हवं तेव्हा लावता येईना, परत परत ऐकता येईना. पण पलीकडे यूट्यूब उघडं होतंच.

गाना हे ॲप टाइम्स समूहाचं. २०१८ मध्ये चीनच्या टेन्सेंटच्या पुढाकाराने त्यात ११.५ कोटी डॉलर आले. २०२२ मध्ये पैसे संपत आल्यावर गानाने फुकटची सेवा बंद केली. डिसेंबर २०२३ मध्ये समूहातल्याच रेडिओ मिर्ची चालवणाऱ्या कंपनीने हा व्यवसाय २५ लाख रुपयांना घेतला. मुंबईत तेवढ्यात एक खोली मिळत नाही. बाइटडान्सचं रेसो हे ॲप जानेवारी २०२४ अखेर भारतातून गेलं.

एअरटेलच्या विंक या ॲपची कथा मात्र मुंबईच्या फोर्टमधून जाते. २०१२ च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात ३१-ड हे कलम आलं. प्रसारकाने आगाऊ सूचना द्यावी आणि लेबलाच्या संमतीवाचून, सरकारी मंडळ ठरवील त्या दरात गाणी वाजवावीत, अशी ती तरतूद. टिप्स या लेबलाशी बोलणी फिसकटल्यावर विंकने या कलमाचा आधार घेतला. टिप्स मुंबई उच्च न्यायालयात गेली. एप्रिल २०१९ मध्ये न्या. काथावाला यांनी निकाल दिला की हे कलम रेडिओ आणि दूरचित्रवाणीपुरतं आहे, इंटरनेटवरच्या स्ट्रीमिंगला ते लागू नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठानेही तेच कायम केलं. स्पॉटिफायनेही भारतात पाऊल ठेवताना वॉर्नरच्या गाण्यांसाठी हेच कलम पुढे केलं होतं आणि तो वादही याच न्यायालयात आला होता. पुढे त्यांनी तडजोड केली. थोडक्यात, दर ठरवण्यात लेबलाचा शब्द शेवटचा राहिला.

ऑगस्ट २०२४ मध्ये एअरटेलने विंक बंद करत असल्याचं जाहीर केलं. तिथल्या माणसांना नारळ मिळाला नाही. त्यांना कंपनीत इतरत्र सामावून घेऊ असं एअरटेलने सांगितलं, कारण एअरटेलकडे दुसरा खिसा होता. ग्राहकांसाठी ॲपल म्युझिकशी करार झाला. टिप्सची गाणी तिथेही आहेत.