पुटकुळीवर कोणतं मलम?

चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. घाम, धूळ आणि चेहऱ्यावर बांधलेला दुपट्टा यांमुळे पुटकुळ्या वाढू शकतात. अधूनमधून एखाददुसरी येत असेल, तर २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडची जेल पुरते. जास्त टक्क्यांची घेतल्याने गुण फारसा वाढत नाही, जळजळ मात्र वाढते. रात्री चेहरा धुऊन, कोरडा करून पातळ थर लावावा; सुरुवातीला एक दिवसाआड. ही जेल कपड्याचा रंग उडवते, म्हणून उशीवर पांढरा अभ्रा घालावा. फरक दिसायला ६ ते ८ आठवडे लागतात. बारीक काळ्या-पांढऱ्या पुटकुळ्यांना २ टक्क्यांपर्यंतचं सॅलिसिलिक ॲसिड चालतं. चेहऱ्याला खोबरेल तेल चोपडू नये.

खरा धोका गोरेपणासाठी मागितल्या जाणाऱ्या स्टेरॉइड मलमांचा आहे. चार दिवस चेहरा उजळ दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, लाली येते, पुटकुळ्या उसळतात. म्हणूनच २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. नळीवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलेलं असेल, तर ती परत करा. मोठ्या, दुखऱ्या गाठी किंवा व्रण दिसू लागले, तर सरकारी रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.